नव्या मॅकवर ट्रॅडॉस: काय चालतं, कुठे अडतं

इंटेल प्रोसेसरचा मॅक अजून वापरणाऱ्या अनुवादकाला मशीन बदलण्याचा निर्णय आता फार लांबवता येणार नाही. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, असं ॲपलनेच जाहीर केलं आहे. नवा मॅक घ्यायचा तर तो ॲपलच्या स्वतःच्या चिपचाच मिळणार. आणि व्यावसायिक अनुवादात ज्यांच्यावाचून अनेकांचं पान हलत नाही ती दोन सॉफ्टवेअर, ट्रॅडॉस स्टुडिओ आणि मेमोक्यू, डेस्कटॉपवर आजही फक्त विंडोजसाठी आहेत. मग नवा मॅक घेतला तर काम कसं करायचं, हा प्रश्न मराठीत काम करणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांची इंग्रजी-मराठी कामं एजन्सीमार्फत येतात ती बहुधा याच सॉफ्टवेअरच्या पॅकेजमध्ये.

ट्रॅडॉस विंडोजला इतकं का बांधलेलं आहे, हे आधी पाहायला हवं. १९८४ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने पुढे काढलेलं ट्रान्सलेटर्स वर्कबेंच मायक्रोसॉफ्ट वर्डच्या खांद्यावर बसून काम करायचं. २००९ मध्ये ट्रॅडॉस स्टुडिओ आलं तेव्हा वर्डपासून ते वेगळं झालं, पण उभं राहिलं ते मायक्रोसॉफ्टच्याच डॉट नेट फ्रेमवर्कवर. हा पाया विंडोजबाहेर चालत नाही. २००४ साली हंगेरीत सुरू झालेल्या कंपनीचं मेमोक्यूही डॉट नेटवरच बांधलेलं. मॅकसाठी आवृत्ती काढायची तर वरवरची डागडुजी पुरत नाही, सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी नव्याने लिहावं लागतं. डेस्कटॉपवरचे बहुसंख्य ग्राहक विंडोजवर असताना कुठलीही कंपनी हा खर्च सहजी करणार नाही. त्यामुळे उद्या-परवा मॅकची आवृत्ती येईल या आशेवर कोणी खरेदी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

२००६ ते २०२० या काळात हा प्रश्न जवळजवळ सुटलेला होता. २००६ च्या जानेवारीत पहिले इंटेल मॅक आले, एप्रिलमध्ये ॲपलने बूट कॅम्पची चाचणी आवृत्ती खुली केली आणि त्याच वर्षी पॅरलल्स डेस्कटॉपही बाजारात आलं. विंडोज लॅपटॉपमधल्या जातीचाच प्रोसेसर मॅकमध्ये आल्यामुळे विंडोज तिथे घरच्यासारखं चालायचं. मशीन सुरू करताना विंडोज निवडा किंवा पॅरलल्सच्या खिडकीत उघडा, ट्रॅडॉसला फरक पडत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि हे गणित बदललं. एम मालिकेच्या चिप एआरएम रचनेच्या आहेत. इंटेलसाठी लिहिलेल्या सूचना त्यांना थेट कळत नाहीत. बूट कॅम्प या मॅकवर नाहीच, त्यामुळे विंडोज आता मॅकओएसच्या आत, आभासी संगणकातच चालवावं लागतं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ॲपलने इंटेलचे जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून रोझेटा २ दिलं आहे, मग ट्रॅडॉसही त्यातून चालेल, असं अनेकांना वाटतं. रोझेटा मुख्यतः मॅकसाठी लिहिलेले इंटेल प्रोग्रॅम चालवतं. इंटेलचं अख्खं विंडोज आभासी संगणकात चालवणं हे त्याचं कामच नाही. जुन्या मॅकवरच्या पॅरलल्समधली विंडोजची तयार फाइल उचलून नव्या मॅकवर ठेवली तरी ती नेहमीच्या पद्धतीने सुरू होत नाही, त्याचंही कारण हेच. तिच्यातलं विंडोज इंटेलचं असतं. पॅरलल्सने २०२५ च्या सुरुवातीला इंटेल विंडोजसाठी प्रायोगिक सोय दिली, यूटीएम या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही तसा पर्याय आहे, पण त्यात प्रत्येक सूचनेचं सॉफ्टवेअरमधून रूपांतर होत असल्यामुळे वेग इतका पडतो की त्यावर दिवसभर अनुवाद करणं शक्य नाही.

प्रत्यक्षात चालतो तो मार्ग असा. मॅकवर पॅरलल्ससारखा प्रोग्रॅम, त्यात विंडोज ११ ची एआरएम आवृत्ती आणि त्या विंडोजमध्ये ट्रॅडॉस. ट्रॅडॉस इंटेलसाठी लिहिलेलं असलं तरी एआरएम विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचं रूपांतराचं यंत्र बसवलेलं आहे. विंडोज १० मध्ये ते फक्त ३२ बिट प्रोग्रॅमपुरतं होतं. विंडोज ११ पासून ६४ बिट प्रोग्रॅमही त्यातून चालू लागले, आणि २०२४ च्या २४एच२ आवृत्तीत प्रिझम नावाने त्याची सुधारित पिढी आली. म्हणजे इंटेलच्या सूचनांचं रूपांतर होतं ते विंडोजच्या आत, मायक्रोसॉफ्टच्या हातून. त्यामुळे अडचण आली तर ती बहुतेक वेळा तिथेच शोधायची.

परवान्याचा प्रश्न सुरुवातीला धूसर होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॅरलल्समध्ये एआरएम विंडोज ११ च्या प्रो आणि एंटरप्राइझ आवृत्त्या चालवायला अधिकृत मान्यता दिली आणि तो मिटला. होम आवृत्तीचं नाव त्या मान्यतेत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावं. मॅकसाठीचं ऑफिस विंडोजमधल्या ट्रॅडॉसला दिसत नाही, हेही अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. वर्डमधून होणारा प्रीव्ह्यू हवा तर विंडोजच्या आत वेगळं ऑफिस बसवावं लागतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं वर्गणीदार खातं असेल तर त्यासाठी जादा पैसे पडत नाहीत.

आभासी संगणकाचे प्रोग्रॅम मुख्यतः तीन. पॅरलल्स पैसे मागतं, पण विंडोज उतरवण्यापासून बसवण्यापर्यंत सगळं स्वतः करतं. तंत्राची आवड नसलेल्या अनुवादकाने तेच घ्यावं. मात्र त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीत विंडोजला जास्तीत जास्त ८ जीबी मेमरी देता येते. व्हीएमवेअर फ्युजन नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही फुकट आहे आणि थोडी खटपट करायची तयारी असेल तर काम नीट देतं. यूटीएम मुक्त सॉफ्टवेअर आहे. चाचणीला चांगलं, रोजच्या कामाला मी ते सुचवणार नाही. वाइन आणि त्यावर बांधलेलं क्रॉसओव्हर हा वेगळाच मार्ग, त्यात विंडोज लागतच नाही. पण डॉट नेटवर बांधलेल्या एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरसाठी त्याच्या नादी लागू नये. शिवाय नव्या मॅकवर क्रॉसओव्हर आजवर रोझेटाच्या आधारावर चालत आलं आहे, आणि मॅकओएस २७ नंतर रोझेटा फक्त काही जुन्या खेळांपुरतं उरेल असं ॲपलने सांगून ठेवलं आहे.

मेमरीबद्दल मात्र तडजोड करू नये. ८ जीबीच्या एम१ एअरवर विंडोजला ४ जीबी दिली की मॅकलाही पुरत नाही आणि विंडोजलाही नाही. मोठा टीएम (जुन्या अनुवादांचा साठा), वर्डचा प्रीव्ह्यू आणि ब्राउझरमधले चार संदर्भ एकदम उघडले की सेगमेंट बदलायलाही थांबावं लागतं. १६ जीबी ही किमान गरज समजा. ऑक्टोबर २०२४ पासून ॲपलने एअरची सुरुवातच १६ जीबीने केली, त्यामुळे नवा एअर घेणाऱ्याला ही चिंता नाही. जुना वापरलेला एम१ किंवा एम२ स्वस्तात घेताना मात्र हा आकडा आधी विचारा, कारण या मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही.

आता रोजच्या कामातल्या गोष्टी. पॅरलल्स मॅकचा होम फोल्डर विंडोजला आपण होऊन दाखवतं. सोय म्हणून प्रोजेक्ट तिथेच ठेवायचा मोह होतो. तो टाळावा. विंडोजच्या दृष्टीने ती नेटवर्कवरची जागा असते, आणि ट्रॅडॉसचा टीएम म्हणजे आतून एक एसक्यूलाइट डेटाबेस असतो. असे डेटाबेस नेटवर्कवरून उघडले की ते अडकून पडण्याची, क्वचित बिघडण्याचीही भीती असते. टीएम, टर्मबेस (संज्ञांचा साठा) आणि चालू प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवरच ठेवावेत आणि काम संपल्यावर त्यांची प्रत मॅककडे काढावी. सगळं विंडोज एका भल्यामोठ्या फाइलीत असतं, त्यामुळे ती फाइल बिघडली तर आतलं सगळंच जाईल. आणि विंडोजची ती फाइल पुसून नव्याने बसवायची वेळ आली, तर आधी ट्रॅडॉसचा परवाना त्या मशीनवरून परत करायला विसरू नका. नाहीतर तो पुसलेल्या मशीनवरच अडकून राहतो.

कळफलकाची सवय लागायला थोडे दिवस जातात. सेगमेंट पक्का करायचा कंट्रोल-एंटर दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये तोच आहे, पण बोट कमांडवर जातं. ट्रॅडॉसमध्ये मूळ मजकूर जसाच्या तसा अनुवादाच्या रकान्यात उतरवायला कंट्रोल-इन्सर्ट लागतं आणि मॅकच्या कळफलकावर इन्सर्टची कळच नसते. आकडे, मॉडेल क्रमांक, टॅगनी भरलेल्या ओळी असल्या की हा शॉर्टकट दिवसभर लागतो. ट्रॅडॉसच्या सेटिंगमध्ये जाऊन तो पहिल्याच दिवशी बदलून घ्यावा. कॉन्कॉर्डन्ससाठीची एफ३ मॅकवर दुसऱ्याच कामाला लावलेली असते, म्हणून एफच्या कळा थेट चालतील अशी मॅकची सेटिंग करून ठेवावी. विंडोजचा साधा यूएसबी कळफलक जोडला की यातलं बरंचसं आपोआप सुटतं.

मराठीत काम करणाऱ्यांना खरी काळजी घ्यावी लागते ती पुढच्या गोष्टीत, आणि इंग्रजी-जर्मन करणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात ती सापडणार नाही. मॅकवर निवडलेला मराठी कळफलक आभासी विंडोजमध्ये पोहोचत नाही. तिथे फक्त कोणती कळ दाबली एवढंच कळतं. म्हणून विंडोजच्या आत मराठी कळफलक वेगळा बसवावा लागतो. इनस्क्रिप्ट तिथे आहेच, आणि २०१९ पासून विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कळफलकही मिळतो. विंडोजच्या खिडकीत असताना मॅकचा कळफलक इंग्रजीवर ठेवावा.

दोन कळफलकांवर आलटून पालटून काम केलं की एक सूक्ष्म घोटाळा होतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला आखूड, डोळ्यांच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. ‘ॲप’मधल्या ॲचंही तसंच. एक ॲ हे स्वतंत्र अक्षर, दुसरं अ आणि त्यावर अर्धचंद्र असं जोडलेलं. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द आहेत. कळफलक बदलला की यातला कोणता प्रकार पडेल हेही बदलू शकतं. इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना मॅच ठरते ती इंग्रजी मजकुरावरून, त्यामुळे टक्केवारी घसरत नाही. पण टर्मबेसमधला ‘ॲप’ एका पद्धतीचा आणि अनुवादातला दुसऱ्या पद्धतीचा असेल तर तपासणीत संज्ञा वापरली नाही अशी तक्रार येऊ शकते. एकच वाक्य दोनदा डोळ्यांना सारखंच दिसत असताना विसंगत अनुवाद म्हणून पकडलं जाऊ शकतं. आणि मराठीतून इंग्रजीत काम असेल तर मूळ मजकूरच वेगळा ठरल्याने शंभर टक्क्यांची मॅच फझीवर, म्हणजे अर्धवट जुळणीवर येऊ शकते. एक पद्धत ठरवून, टीएमची प्रत काढून त्यात शोधा-बदला करून घेणं हाच उपाय. ऱसाठी ऱ अधिक हलन्त आणि ॲसाठी स्वतंत्र अक्षर हे युनिकोडला धरून आहे, तेच निवडावं.

फॉन्टचंही पाहायला हवं. विंडोज ११ इंग्रजीत नव्याने बसवलं की त्यात देवनागरीसाठी निर्मला असतो, पण मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे फॉन्ट नसतात. ते ऐच्छिक फॉन्टच्या यादीतून वेगळे घ्यावे लागतात. ग्राहकाची वर्ड फाइल मंगलमध्ये मांडलेली असेल तर हे फॉन्ट आल्याशिवाय पानांची मांडणी हलते. मॅकचा कोहिनूर देवनागरी विंडोजमध्ये नसतो. एखादी फाइल मॅकच्या वर्डमध्ये उघडून जपून ठेवली आणि मग ट्रॅडॉसकडे दिली, असा फेरा शक्यतो करू नये.

महाराष्ट्रातल्या अनुवादकांकडे अजूनही श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमधला मजकूर येतो, विशेषतः प्रकाशक आणि छापखान्यांकडून. ही दोन्ही पुण्यात तयार झालेली, विंडोजसाठीची सॉफ्टवेअर. त्यांच्या परवान्याला यूएसबी डाँगल असेल तर नव्या मॅकवर गाडी तिथेच थांबू शकते. एआरएम विंडोज इंटेलचे प्रोग्रॅम रूपांतर करून चालवतं, पण ड्रायव्हरचं रूपांतर करत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. डाँगलच्या ड्रायव्हरची तशी आवृत्ती नसेल तर सॉफ्टवेअर बसेल, पण उघडणार नाही. टायपिंगच्या जुन्या साधनांचंही तसंच आहे. सगळ्या प्रोग्रॅममध्ये शिरून कळा बदलणारी इंटेलची साधनं एआरएम विंडोजमध्ये नीट चालतील याची मायक्रोसॉफ्टही हमी देत नाही. ज्याचं निम्मं काम अशा मजकुराचं आहे त्याने एक साधा इंटेलचा विंडोज संगणक घरात ठेवावाच. त्यावर मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि मग अनुवाद कुठेही करायचा.

टर्मबेसबद्दलही सावध राहायला हवं. ट्रॅडॉसची जुनी टर्मबेस फाइल आतून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या पद्धतीची आहे. इतक्या जुन्या पायावरचे घटक रूपांतरातून चालवताना अडखळण्याची शक्यता इतर भागांपेक्षा जास्त असते. म्हणून चाचणी करताना संपादकाची खिडकी उघडली यावर समाधान मानू नका. आपला मोठ्यातला मोठा टर्मबेस जोडून संज्ञा ओळखल्या जातात का ते पाहा.

विंडोजचा नाद सोडून मॅकवरच चालणारं काही घ्यावं का? यासाठी पर्याय चांगले आहेत. ओमेगाटी मुक्त आहे. कॅफेट्रॅन आणि वर्डफास्ट प्रो यांच्यासारखंच तेही जावावर बांधलेलं आहे, आणि जावा मॅकवर चालतं. फ्रेज, स्मार्टकॅट, मेटकॅट ब्राउझरमध्येच चालतात. ट्रॅडॉसचाही ऑनलाइन संपादक आहे. थेट ग्राहकांची कामं करणाऱ्याने, ज्याच्याकडे वर्ड आणि पीडीएफ येतात, त्याने यातलं एखादं शांतपणे निवडावं. त्याला विंडोज बसवायची गरजच नाही.

एजन्सीचं काम करणाऱ्याला तेवढी मोकळीक नसते. ट्रॅडॉसचं पॅकेज म्हणजे एक झिप फाइलच. तिचं एक्स्टेंशन बदलून उघडली की आत प्रोजेक्टची फाइल आणि भाषांच्या संकेतांच्या नावांचे (मराठीसाठी एमआर-आयएन) फोल्डर दिसतात. प्रत्यक्ष मजकूर एक्सलिफ या खुल्या मानकावर आधारलेला असल्यामुळे विंडोजवरचं मेमोक्यू आणि मॅकवरही चालणारं कॅफेट्रॅन तो उघडतात आणि परतीचं पॅकेजही बनवतात. साधी कामं या मार्गाने नीट जातात. पण समीक्षकाच्या टिप्पण्या, बदलांचा माग, जोडलेले सेगमेंट, एजन्सीच्या तपासणीच्या खास अटी यांपैकी काहीतरी वाटेत गळू शकतं, आणि त्याची जबाबदारी अनुवादकावर येते. सर्व्हरवरचा टीएम लाइव्ह जोडून काम करायचं असेल तर हा मार्ग बंदच. मुदतीच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा एजन्सीच्या प्रोजेक्ट मॅनेजरला आधीच विचारून घ्यावं, आणि सोबत एक छोटं नमुना पॅकेज मागावं.

दूरच्या विंडोजवर काम करण्याचाही मार्ग आहे, आणि त्याचा विचार लोक फार कमी करतात. एखादा छोटा इंटेल संगणक घरात कोपऱ्यात चालू ठेवून मॅकवरून त्याच्याशी रिमोट डेस्कटॉपने जोडलं तर एआरएमचा एकही प्रश्न येत नाही. डाँगलही त्यालाच लावता येतं. त्या संगणकावर विंडोज प्रो हवं, होम आवृत्ती असं जोडून घेत नाही. मॅकवर लागणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम आता विंडोज ॲप या नावाने मिळतो. घरच्या वायफायवर हे उत्तम चालतं. वीज आणि इंटरनेट भरवशाचं नसलेल्या गावी मात्र याच्यावर विसंबून मुदतीचं काम घेऊ नये. भाड्याचा क्लाउड संगणक हाही याचाच प्रकार, पण ग्राहकाचा मजकूर परक्या सर्व्हरवर ठेवायला करारात परवानगी आहे का, हे आधी वाचून घ्यावं लागतं.

ज्याचं ट्रॅडॉस किंवा मेमोक्यूचं काम नियमित आहे, मजकूर युनिकोडमध्ये येतो आणि मॅक त्याला इतर कारणांनी हवाच आहे, त्याने १६ जीबीचा मॅक आणि पॅरलल्स घ्यावं. हा मार्ग आज भरवशाचा आहे. ज्याला मॅकची अशी ओढ नाही आणि पोट फक्त या सॉफ्टवेअरवर आहे, त्याने तेवढ्याच पैशांत विंडोजचा चांगला लॅपटॉप घ्यावा. दोन परवाने आणि दोन ऑपरेटिंग सिस्टिमची देखभाल हा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो, आणि तो अनुवादाच्या दरात कोणी भरून देत नाही. खरेदीआधी चाचणी आवृत्त्यांचा पुरेपूर उपयोग करावा. मागच्या वर्षीचं एखादं खरं, अवघड काम घेऊन ते पॅकेज उघडण्यापासून परत पाठवण्यापर्यंत पुन्हा करून पाहावं.

पुढची काही वर्षं या बाबतीत मॅकवाल्यांना एक मदत अनपेक्षित दिशेने मिळेल असं मला वाटतं. जून २०२४ पासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप मोठ्या कंपन्यांनी बाजारात आणले आहेत, आणि तेही एआरएमच आहेत. मॅकवरच्या मूठभर अनुवादकांच्या तक्रारी सॉफ्टवेअर कंपन्यांना बाजूला ठेवता आल्या, पण साध्या विंडोज लॅपटॉपवरच टर्मबेस उघडत नाही अशी तक्रार आली तर तिच्याकडे पाहावंच लागेल. डॉट नेट फ्रेमवर्कची ४.८.१ ही आवृत्ती २०२२ मध्ये एआरएमवर थेट चालू लागली, त्यामुळे पायाची अडचणही पूर्वीइतकी उरलेली नाही. परवान्याचं नूतनीकरण करताना मराठी अनुवादकांनीही विक्रेत्याला हा प्रश्न लेखी विचारावा: एआरएम विंडोजला तुमचा अधिकृत पाठिंबा आहे का, आणि नसेल तर कोणत्या आवृत्तीपासून देणार?